हॉलमधला उजेड आणि ८५ हजारांची लेन्स

वाचकाचं पत्र:

दादा, नमस्कार. मी इचलकरंजीची. एका स्टुडिओत लग्नाची कामं करते आणि शनिवार-रविवारी कबड्डी नि बॅडमिंटनच्या स्पर्धांचे फोटो काढते. माझ्याकडे कॅनन २००डी आहे, सोबत मिळालेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स आहेत. हॉलमध्ये फोटो एकतर हलतात, नाहीतर काळे येतात. मागच्या महिन्यात एका प्रशिक्षकांनी माझा फोटो बघून विचारलं, "यात खेळाडू कुठला आणि भूत कुठलं?" लोक हसले, मीही हसले, पण घरी येऊन झोप लागली नाही.

८५ हजार साठवलेत. तेवढ्यात बसणाऱ्या तीन वापरलेल्या लेन्स बघून ठेवल्यात: कॅननची ७०-२०० एफ/४ आयएस, कॅननचीच जुनी ७०-२०० एफ/२.८ पण आयएस नसलेली, आणि टॅमरॉनची ७०-२०० एफ/२.८ जी२. दुकानदार म्हणतात, एफ/४ घ्या, हलकी आहे आणि आयएसमुळे फोटो हलणार नाहीत. मित्र म्हणतो, लेन्स राहू दे, आधी फुल फ्रेम बॉडी घे. मी काय करू? आणि मला अहो-जाहो करू नका.

उत्तर:

बरं, तू म्हणतो.

आधी त्या भुताचा निकाल लावू. फोटो दोन कारणांनी हलतो. एक, तुझा हात हलतो. दोन, समोरचा माणूस हलतो. आयएस, म्हणजे लेन्समधली स्थिरीकरणाची सोय, फक्त तुझ्या हाताची काळजी घेतं. चढाईला आलेल्या पोरानं झेप घेतली, तर तुझ्या लेन्समधलं आयएस त्याला हवेत थांबवू शकत नाही. तुझ्या फोटोत मागची भिंत, जाहिरातीचा फलक, पंचांची खुर्ची हे सगळं स्वच्छ आणि खेळाडू तेवढा पुसल्यासारखा दिसत असेल, तर आयएस आपलं काम चोख करतंय आणि तरी तुझा फोटो वाया गेलाय. ५५-२५० मध्ये आयएस आहेच की! मग भूत आलं कुठून?

ते शटरमधून आलं. एफचा आकडा जितका छोटा, तितकी लेन्स जास्त उघडते; आयएसओ जितका मोठा, तितका कमी उजेडात फोटो निघतो, पण दाणेही येतात. जिल्हा पातळीवरच्या बऱ्याच हॉलमध्ये मला आयएसओ ६४०० ला साधारण हे आकडे मिळतात: एफ/५.६ वर १/२०० सेकंद, एफ/४ वर १/४००, एफ/२.८ वर १/८००. तुझी ५५-२५० दोनशेच्या आसपास नेलीस की एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे तू या रांगेत पहिल्या पायरीवर उभी आहेस. आता हिशोब कर. खेळाडूचा हात ताशी १८ किलोमीटरने जातोय असं धरलं (झडप घालताना याहून जास्तच जातो), तर १/२०० सेकंदात तो अडीच सेंटिमीटर सरकतो. बोटं, नाक, जर्सीवरचा आकडा, सगळं अडीच सेंटिमीटर फासलं जातं. १/८०० ला तोच हात सहा मिलिमीटर सरकतो, आणि फोटो छापण्याजोगा होतो.

बॅडमिंटनच्या फुलाचं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा २०२३ मध्ये नोंदलेला विक्रम ताशी ५६५ किलोमीटर आहे. त्या वेगानं निघालेलं फूल १/८०० सेकंदातसुद्धा सुमारे वीस सेंटिमीटर जातं. फूल लांबट दिसलं तरी चालतं, उलट ते छान दिसतं. चेहरा आणि रॅकेट धरलेली मूठ थांबायला हवी.

म्हणून दुकानदारांची एफ/४ बाजूला ठेव. वाईट लेन्स नाही ती. दिवसाउजेडी मैदानावर, डोंगरात, प्रवासात तिच्यासारखी सोबत नाही, आणि खरंच हलकी आहे. पण हॉलमध्ये ती तुला एफ/२.८ च्या निम्मा उजेड देणार, आणि मग १/४०० वर समाधान मान किंवा आयएसओ १२८०० कर. २००डी ला १२८०० वर नेलंस की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं.

मित्राचा सल्ला तसा मूर्खपणाचा नाही, त्याची वेळ चुकली आहे. फुल फ्रेमचा मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो, वरचे आयएसओ झेलतो, हे खरं. पण तुझ्या दोन्ही लेन्स ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीच्या आहेत, आणि त्या कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. ८५ हजारांची बॉडी घेऊन तू रविवारी हॉलमध्ये जाशील आणि पुढे लावायला काही नसेल. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतलीस तर ॲडॅप्टरनं बसतील, पण कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरेल, म्हणजे पैसे मोठ्या सेन्सरचे देऊन फोटो छोट्याचे. लेन्स आधी. उद्या मिररलेसवर गेलीस तरी ईएफ माउंटची लेन्स ॲडॅप्टर लावून चालत राहील.

राहिल्या दोन एफ/२.८. त्यांच्याकडे वळण्याआधी एक प्रश्न मला तुलाच विचारायचाय, कारण पत्रात तो नाही: तू बसतेस कुठं?

कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, बायकांचं १२ बाय ८. चढाईपटूचा चेहरा हवा असेल तर बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, अंतिम रेषेच्या पलीकडे बसावं लागतं, कारण तो त्यांच्याकडे तोंड करून येतो. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर. म्हणजे तो निदान रेषा ओलांडतो तेव्हा अंतिम रेषा त्याच्यापासून पावणेतीन मीटर, आणि तू रेषेच्या मागे अडीच-तीन मीटर. एकूण साडेपाच मीटर. तुझ्या छोट्या (क्रॉप) सेन्सरवर ७० मिलिमीटरनं साडेपाच मीटरवर किती मावतं माहितीये? पावणेदोन मीटर रुंद आणि जेमतेम सव्वा मीटर उंच. कॅमेरा आडवा धरलास तर पाय कापले जातात, आणि कबड्डीत तर सगळी गंमत पायाशीच! कोपरारक्षकानं घोटा धरला, बाकीचे चौघं धावून आले, ती अख्खी साखळी ७०-२०० मध्ये येणार नाही. तुला फक्त एक खांदा आणि कुणाचं तरी कोपर मिळेल.

या बाजूच्या खेळासाठी तुला ५० मिलिमीटर एफ/१.८ लागते. कॅननच्या सगळ्यात स्वस्त लेन्समधली ती एक, वापरलेली घेतलीस तर लग्नाच्या एका दिवसाच्या कामात निघेल. एफ/१.८ म्हणजे एफ/२.८ च्या सुमारे अडीचपट उजेड. मी कबड्डीला दोन बॉड्या नेतो, आणि खरं सांगू का, छापून आलेले निम्म्याहून जास्त फोटो छोट्या लेन्सचे असतात. मोठी पांढरी लेन्स गळ्यात असली की संयोजक खुर्ची देतात, एवढा तिचा फायदा मात्र नक्की.

आता बॅडमिंटन बघ. कोर्ट १३.४ मीटर लांब. तू एका बेसलाइनच्या मागे दोन मीटरवर बसलीस आणि जाळीपलीकडचा खेळाडू टिपतेस, तर तुमच्यामध्ये तेरा मीटरच्या आसपास अंतर. १३५ मिलिमीटरला तुझ्या कॅमेऱ्यात दोन मीटरहून थोडी जास्त रुंदी मावते. कॅमेरा उभा धरलास की उडी मारणारा खेळाडू डोक्यापासून बुटापर्यंत आत येतो. २०० ला नेलंस की कमरेवरचा भाग आणि डोळे. इथं ७०-२०० अशी बसते जणू कोर्ट तिच्यासाठीच आखलंय. व्हॉलीबॉललाही तीच गत, जाळीवर उडी मारणारा समोरचा खेळाडू बारा मीटरवर असतो.

आज रात्री बसून एक काम कर. गेल्या सहा महिन्यांतले तुझे बरे म्हणता येतील असे शंभर फोटो काढ आणि प्रत्येकाची फोकल लेन्थ, म्हणजे तो किती मिलिमीटरवर काढलाय ते, बघ. फाइलच्या माहितीत ती लिहिलेलीच असते. बहुतेक ५५ ते ८५ मध्ये असतील, तर तू मनानं कबड्डीवाली आहेस आणि तुला ५० एफ/१.८ सोबत ८५ एफ/१.८ पुरेल, ७०-२०० चे पैसे बँकेत राहू देत. शंभर ते दोनशेमध्ये दाटी असेल तर पुढचं वाच.

जुनी कॅनन एफ/२.८, आयएस नसलेली. ही १९९५ पासूनची लेन्स. त्या काळातल्या किती क्रिकेटच्या, कुस्तीच्या फोटोंमागे ती असेल, मोजदाद नाही. वजन १३१० ग्रॅम, फोकस झटपट, अंगाने दणकट. खेळासाठी आयएस नसल्यानं काही बिघडत नाही हे वर झालंच, १/८०० ला हाताची थरथर फोटोत पोचत नाही. नुसता खेळाचा प्रश्न असता तर मी डोळे मिटून हीच म्हणालो असतो.

पण दोन गोष्टी आड येतात. पहिली, तू लग्नं करतेस. मंगलाष्टकांच्या वेळी लांबून आईचे डोळे टिपायचे असतात, तिथं कुणी उड्या मारत नसतं, १/८० ला काम भागतं, आणि तिथं मात्र स्थिरीकरण हातभर मदत करतं. टॅमरॉनमध्ये ते आहे, त्यांच्याकडे त्याला व्हीसी म्हणतात. तुझं पोट लग्नांवर चालतं, हे लेन्स निवडताना विसरून कसं चालेल?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती दुकानात सहसा कुणी सांगत नाही. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस एक वेगळा सेन्सर ठरवतो. कॅमेरा आणि लेन्स यांची जोडी नीट जुळली नाही, तर फोकस दरवेळी दोन-चार बोटं पुढे किंवा मागे पडतो. एफ/५.६ ला ते कळतही नाही, कारण बरीच खोली फोकसमध्ये असते. एफ/२.८ ला, २०० मिलिमीटरवर, दहा मीटरवरच्या खेळाडूचा विचार केलास तर तुझ्या कॅमेऱ्यात जेमतेम वीतभर खोली धारदार येते. डोळ्यावर धरलेला फोकस कानामागे पडला की फोटो गेला. महागड्या बॉड्यांमध्ये ही चूक मेन्यूतून सुधारता येते. २००डी मध्ये ती सोय नाही. कॅननच्या लेन्सची जोडी जुळली नाही तर सर्व्हिस सेंटरची वाट धरावी लागते. टॅमरॉन जी२ साठी मात्र टॅप-इन कन्सोल नावाची एक छोटी चकती मिळते. लेन्स तिच्यावर बसवून संगणकाला जोडायची आणि फोकस स्वतः जुळवायचा. लेन्सचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रामही, तिच्यातूनच अद्ययावत होतं, आणि पुढे मिररलेसवर जाशील तेव्हा ते करून घ्यावं लागेल.

म्हणून तुझ्यासाठी, तुझ्या कॅमेऱ्यासाठी, मी टॅमरॉनकडे झुकतो. २००डी नसती आणि लग्नं नसती तर कॅनन. टॅमरॉनची एक खोड सांगून ठेवतो: तिची झूमची कडी कॅननच्या उलट दिशेनं फिरते. पहिले दोन आठवडे ऐन स्मॅशच्या वेळी तू जवळ जायच्या ऐवजी लांब जाशील आणि मला शिव्या देशील. नंतर हाताला सवय होते.

पैसे देण्याआधी हीच लेन्स, नाहीतर कुठलीही ७०-२०० एफ/२.८, एका शनिवार-रविवारसाठी भाड्यानं घे. कोल्हापूर-पुण्यात अशी सोय सहज मिळते. दीड किलोच्या घरातलं हे धूड सकाळी नऊपासून सहाव्या सामन्यापर्यंत हातात धरून बघ. मनगट बोलायला लागलं की एकपायी स्टँड, म्हणजे मोनोपॉड, आठवतो. तो लेन्सच्या गळ्यातल्या पट्ट्याला लावायचा, कॅमेऱ्याच्या बुडाला नव्हे. वापरलेली लेन्स घेताना तो पट्टा जागेवर आहे का बघ. लोक तो काढून ठेवतात आणि हरवतात.

आणि लेन्स तपासताना घाई करू नकोस. मी केली होती. काही वर्षांपूर्वी मुंबईत एका दुकानात दाटीवाटीत उभं राहून एक जुनी टेलिझूम घेतली, पुढून काच आरशासारखी लखलखत होती, खूश होऊन गाडीत बसलो. घरी मागच्या बाजूनं बॅटरी मारली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. बुरशी. परत घेऊन गेलो तर "तुमच्याकडेच लागली असेल." तेव्हापासून खिशात छोटी बॅटरी असल्याशिवाय लेन्स बघायला जात नाही. ॲपर्चर उघडं ठेवून मागून उजेड टाकायचा, पुढून तिरकं बघायचं. धुळीचे चार कण असतातच, ते सोडून दे. जाळी किंवा दुधाळ पापुद्रा दिसला की नमस्कार करून बाहेर पडायचं.

मग तुझीच २००डी लावून बघ, दुकानातली बॉडी नको. एक वर्तमानपत्र टेबलावर तिरकं ठेव, २०० मिलिमीटर, एफ/२.८, मधल्या एका ओळीवर फोकस धर आणि पाच-सहा फोटो काढ. तेच लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, परत काढ. लाइव्ह व्ह्यूमध्ये तुझा कॅमेरा थेट मुख्य सेन्सरवरून फोकस ठरवतो, तिथं जोडीचा प्रश्न येत नाही. दोन्हींत फरक दिसला, तर चूक जुळवणीची आहे आणि कन्सोलनं सुटेल. दोन्हींतही अक्षरं मऊच आली, तर लेन्सच पडलेली किंवा बिघडलेली आहे. व्हीसी चालू करून कानाशी धर, हलकी गुणगुण येते ती ठीक, खडखड नको. माउंटचे स्क्रू ओरखडलेले दिसले तर कुणीतरी आधी उघडलीय.

लेन्स आली म्हणून भूत लगेच पळणार नाही, थोडं तुलाही बदलावं लागेल. मॅन्युअल मोड, १/८००, एफ/२.८, आयएसओ ६४००, आणि हॉलमधला उजेड बदलत नाही तोवर त्याला हात लावायचा नाही. पांढऱ्या जर्सीवाला आला की कॅमेरा फसतो, तू फसू नकोस. फोकस एआय सर्वोवर, म्हणजे तो हलत्या खेळाडूचा माग धरत राहतो. तुझ्या व्ह्यूफाइंडरमध्ये नऊच बिंदू आहेत आणि त्यांतला मधला सगळ्यांत भरवशाचा, क्रॉस-टाइप. तोच वापर, खेळाडू थोडा मध्यावर आला तरी चालेल, नंतर काप. दाणे आले तर येऊ देत. दाणेदार फोटो प्रशिक्षक भिंतीवर लावतात, पुसलेला लावत नाहीत. एफ/२.८ चा आणखी एक फायदा म्हणजे कॅमेरा फोकस धरताना लेन्स पूर्ण उघडीच असते, त्यामुळे अंधुक हॉलमध्येही मधला बिंदू चाचपडत बसत नाही.

बटण दाबून धरायची सवय मात्र सोड. सेकंदाला पाच फ्रेम हा तुझ्या कॅमेऱ्याचा वेग, आणि रॉमध्ये (न दाबलेल्या मोठ्या फाइलमध्ये) बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, लगेच भरतो. नेमकी पकड होते तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला असतो. चढाईपटूचा पुढचा पाय उचलला की दोन फोटो, घोटा धरला की तीन. श्वास सोडल्यासारखं.

काही फोटो पिवळे, काही हिरवट, काही निम्मे काळे येतील. लेन्स परत करायला धावू नकोस. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने ट्यूब आणि मर्क्युरीचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, १/८०० ला कळतं, कारण तुझं शटर त्या लुकलुकण्याचा एक छोटा तुकडाच उचलतं. काही बॉड्यांच्या मेन्यूत यासाठी अँटी-फ्लिकरची सोय असते, तुझ्या कॅमेऱ्यात दिसली तर चालू कर. कॅमेरा दिवा उजळ असण्याचा क्षण साधून शटर सोडतो, वेग किंचित कमी होतो, पण रंग बरेच एकसारखे येतात. वरळीच्या डोममधले किंवा बालेवाडीतले प्रो कबड्डीचे फोटो बघून स्वतःला कमी लेखू नकोस. तिथं टीव्हीसाठी दिवे लावलेले असतात, तुझ्या हॉलच्या कितीतरी पट. त्या उजेडात एफ/४ वालाही शहाणा दिसतो.

फ्लॅशचं विचारलं नाहीस, बरं केलंस. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस घेणाऱ्याच्या डोळ्यावर फ्लॅश पडला तर पंच तुला बाहेर काढतील आणि ते बरोबरच असेल.

पावसाळ्यात लेन्स बॅगेत कोंबून ठेवायची नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर भाजून परत निळ्या करायच्या. स्वयंपाकाचा तवा नको, वेगळा ठेव, आई ओरडेल. आणि कबड्डीला अंतिम रेषेमागे बसशील तेव्हा मांडी घालून बसू नकोस. एक गुडघा टेकून बैस, म्हणजे चौघं अंगावर आले की बाजूला होता येतं. ती लेन्स तुझ्या नाकासमोर असणार आहे.

शंभर फोटोंचा हिशोब कसा निघाला ते कळव. ५५ ते ८५ मध्ये निघाला, तर वर टॅमरॉनबद्दल मी जे एवढं लिहिलंय त्यावर काट मार.